गेम खेळताना लॅपटॉप पुन्हा पुन्हा तापतो? आधी आकडे बघा, स्क्रू-ड्रायव्हर नंतर

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. गेम सुरू केला की पहिली दहा-पंधरा मिनिटं झकास जातात. मग पंखे ओरडायला लागतात, कीबोर्डच्या मधल्या कळांना बोट टेकवत नाही आणि ऐन मारामारीत सेकंदाला १०० वर असलेल्या फ्रेम, म्हणजे पडद्यावर येणारी चित्रं, एकदम ४० वर येतात. जरा वेळाने आपोआप सावरतं, पुन्हा घसरतं. काहींचा लॅपटॉप तर सरळ बंदच पडतो. मग कोणी सांगतं लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा कूलिंग पॅड घे, कोणी सांगतं चिपवरची उष्णता तांब्याकडे नेणारी पेस्ट बदल. पॅड येतो, पेस्ट बदलून होते, थोडे दिवस बरं जातं आणि मग येरे माझ्या मागल्या.

असं होतं कारण बहुतेक वेळा निदान न करताच उपाय केला जातो. लॅपटॉपच्या उष्णतेच्या हिशोबाला दोनच बाजू आहेत: आत किती वॅट तयार होतात आणि त्यातले किती बाहेर पडतात. मध्यम दर्जाच्या गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर ४५ वॅटच्या पुढे सहज जातो, ग्राफिक्स चिप ८० ते १४० वॅट खाते. दोन्ही मिळून दीडशे वॅटच्या आसपास उष्णता, आणि ती बाहेर काढायला दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या डब्यात दोन चपटे पंखे आणि तांब्याच्या चार नळ्या. शिवाय बहुतेक मॉडेलमध्ये या नळ्या प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांच्या सामायिक असतात, म्हणजे एक तापला की दुसऱ्यालाही झळ लागते.

माझं ठाम मत असं आहे की पहिली कात्री तयार होणाऱ्या वॅटना लावावी. त्याला पैसे पडत नाहीत, वॉरंटीला धक्का लागत नाही आणि फरक त्याच संध्याकाळी दिसतो. त्यानंतर हवेची वाट मोकळी करावी. लॅपटॉप उघडणं आणि नवी खरेदी, दोन्ही शेवटी.

## किती तापला म्हणजे जास्त?

आकडा बघून घाबरणारे खूप असतात, म्हणून हे आधी. इंटेलचे गेमिंग लॅपटॉपमधले प्रोसेसर साधारण १०० अंश सेल्सिअसला स्वतःचा वेग कमी करतात. एएमडीच्या रायझनची ही मर्यादा मॉडेलनुसार ९५ ते १०५ अंश असते. एनव्हिडियाच्या लॅपटॉप चिप साधारण ८७ अंशांच्या आसपास हात आखडता घेतात. गेम खेळताना ग्राफिक्स ७५ ते ८३ आणि प्रोसेसर ८० ते ९० हे नेहमीचं चित्र आहे. त्यात लॅपटॉप खराब होत चालला आहे असं काही नाही.

चिंता केव्हा करायची? प्रोसेसर सतत ९५ च्या वर चिकटून बसला, ग्राफिक्स ८६-८७ वर अडकली आणि त्याच वेळी वेग पडायला लागला, तेव्हा. तापमान आणि वेग हे दोन आकडे नेहमी जोडीने बघायचे. एकट्या तापमानावरून काही ठरत नाही.

यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घ्या आणि सुरू करताना ‘सेन्सर्स ओन्ली’ निवडा. ते चालू ठेवून अर्धा तास नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर खेळा, मग बाहेर येऊन कमाल आकड्यांचा रकाना वाचा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ग्राफिक्सचं तापमान दिसतं, पण प्रोसेसरचं दिसत नाही, म्हणून तो पुरत नाही. एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘थर्मल थ्रॉटलिंग’ नावाच्या ओळी असतात. तिथे ‘येस’ आलं असेल तर प्रोसेसरने उष्णतेमुळे वेग कमी केला हे नक्की. ग्राफिक्सच्या भागात ‘परफॉर्मन्स लिमिट’च्या ओळी असतात: थर्मल, पॉवर वगैरे. पॉवरसमोर ‘येस’ दिसलं तर घाबरू नका. चिपला ठरवून दिलेले वॅट ती पूर्ण वापरते आहे, एवढाच त्याचा अर्थ. थर्मलसमोर ‘येस’ आलं तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

## आकडे काय सांगतात

गेम चालू असताना मागच्या किंवा बाजूच्या जाळीसमोर हात धरा. हे साधं काम कोणी करत नाही, आणि निम्मं निदान त्यातच होतं.

पंखा जोरात ओरडतोय पण हाताला हवेचा झोत जेमतेम लागतोय, तर आत धूळ बसली आहे. हवेला वाटच नाही.

झोत जोरदार आणि चांगला गरम आहे, तरी तापमान वरच आहे? मग कूलिंग आपलं काम चोख करतंय. वॅटच जास्त तयार होताहेत किंवा खोली तापलेली आहे. अशा लॅपटॉपची पेस्ट बदलून हाती फार काही लागत नाही. पण दुकानात सर्वात आधी तीच बदलली जाते.

तिसरा प्रकार फसवा असतो. गेम सुरू केल्यावर काही सेकंदांत प्रोसेसर ५० वरून ९५ वर उडी मारतो, पण जाळीतून येणारी हवा कोमटच असते. गेम बंद केला की आकडा तितक्याच झटक्यात खाली येतो. म्हणजे उष्णता चिपवरच अडकली आहे, तांब्यापर्यंत पोचतच नाही. पेस्ट वाळली आहे, सरकली आहे किंवा हीटसिंक, म्हणजे चिपवरची उष्णता ओढून घेणारा तांब्याचा भाग, नीट टेकलेला नाही. प्रोसेसरचे एकेक कोअर वेगळे बघितले आणि एखाद-दुसरा कोअर बाकीच्यांपेक्षा १५-२० अंशांनी वर दिसला, तर तोही याच दुखण्याचा पुरावा.

चौथ्या प्रकारात लोकांचे सर्वात जास्त पैसे वाया जातात. फ्रेम पडतात, गेम अडकतो, पण तापमान ६०-७० च्या पुढे जात नाही आणि प्रोसेसरचा वेग मात्र ०.४ किंवा ०.८ गिगाहर्ट्झवर येऊन थिजलेला असतो. हे तापण्याचं दुखणं नाहीच. बहुतेक वेळा चार्जर ओळखला जात नसतो, कमी वॅटचा लावलेला असतो किंवा बॅटरी खराब झालेली असते आणि मदरबोर्ड खबरदारी म्हणून प्रोसेसरला आवर घालतो. मूळ चार्जर २३० वॅटचा असेल आणि तुम्ही बॅगेत न्यायला सोपा म्हणून ६५ किंवा १०० वॅटचा टाइप-सी चार्जर लावत असाल, तर गेम खेळताना असं होणारच. चार्जरची पिन वाकडी झालेली असली तरीही होतं, कारण काही कंपन्यांच्या चार्जरमध्ये मधली बारीक पिन फक्त ओळख पटवण्यासाठी असते. आधी तोच चार्जर दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा दुसरा मूळ चार्जर आपल्या लॅपटॉपवर लावून बघा. कूलिंग पॅडने हे बरं होणार नाही.

पंख्याचा वेगही त्याच यादीत दिसतो. दोनपैकी एक पंखा शून्यावर असेल किंवा खरखर करत असेल, तर बाकी काही वाचायची गरज नाही, पंखा बदला.

## फ्रेमना लगाम घाला

सगळ्यात जास्त फरक पडतो तो इथे.

तुमचा पडदा १४४ हर्ट्झचा असेल तर तो सेकंदाला १४४ चित्रंच दाखवू शकतो. व्हॅलोरंटसारखा हलका गेम चांगल्या लॅपटॉपवर २५० च्या पुढे फ्रेम काढतो. १४४ च्या वरच्या फ्रेममुळे माऊसचा प्रतिसाद किंचित लवकर मिळतो हे खरं, स्पर्धेत उतरणाऱ्यांना ते हवंही असतं. बाकी सगळ्यांसाठी त्या फ्रेम म्हणजे फुकट जाळलेले वॅट. गेमचा मेनू त्याहून वाईट. पडद्यावर एक चित्र आणि चार बटणं, पण मर्यादा घातलेली नसेल तर चिप त्या चित्राच्या शेकडो प्रती दर सेकंदाला काढत बसते. लॉबीत मित्रांची वाट बघतानाच पंखे ओरडत असतील तर कारण हेच.

एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’ उघडा. तिथे ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे. त्याच यादीत ‘बॅकग्राउंड ॲप्लिकेशन मॅक्स फ्रेम रेट’ आहे, तो २० वर ठेवा. म्हणजे गेम खाली ठेवून तुम्ही व्हॉट्सॲपला उत्तर देत असताना तो मागे पूर्ण जोरात पळत राहणार नाही. एएमडीवाल्यांसाठी त्यांच्या ॲड्रेनलिन सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमना मर्यादा घालणारं ‘रेडिऑन चिल’ आहे. गोष्टीचे, फिरण्याचे, एकट्याने खेळायचे गेम ६० किंवा ७५ वर ठेवा. नेमबाजीचे गेम पडद्याच्या हर्ट्झपेक्षा दोन-तीन कमी, म्हणजे १४४ च्या पडद्याला १४१.

माझा आतेभाऊ जळगावला असतो. वरच्या मजल्यावरची खोली, डोक्यावर थेट स्लॅब, मे महिना. त्याचा जीटीए फाइव्ह तासाभरात लॅपटॉप बंद पाडायचा. पेस्ट बदलून झाली होती, पॅडही होता. एचडब्ल्यूइन्फो लावून बघितलं तर ग्राफिक्स चिप अखंड पूर्ण वॅटवर होती, कारण फ्रेमना कसलीच मर्यादा नव्हती आणि त्या शंभराच्या वर चालल्या होत्या. ६० ची मर्यादा घातली, सावल्या आणि गवताची सेटिंग एकेक पायरी खाली आणली. चिपचे वॅट जवळजवळ निम्म्यावर आले आणि तापमान ऐंशीच्या खाली स्थिरावलं. खोली तीच, पॅड तोच. तेव्हापासून तो बंद पडलेला नाही.

ग्राफिक्सच्या सेटिंगबद्दल एवढंच सांगतो: ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आल्याने १५ इंचाच्या पडद्यावर डोळ्याला फारसा फरक कळत नाही, चिपला मात्र चांगलाच कळतो. सावल्या, रिफ्लेक्शन, रे ट्रेसिंग ही सगळ्यात महागडी खाती. डीएलएसएस किंवा एफएसआर (लहान चित्र काढून ते मोठं करून दाखवणारी सोय) गेममध्ये असेल तर ‘क्वालिटी’वर ठेवा. पण फ्रेमची मर्यादा सोबत हवीच. नाहीतर चिप वाचलेल्या ताकदीतून आणखी फ्रेम काढेल आणि वॅट जिथल्या तिथेच राहतील.

## प्रोसेसरचा टर्बो

फ्रेमला लगाम घातल्यावर ग्राफिक्स शांत होते, पण प्रोसेसर अजून ९५ ला असू शकतो. कारण टर्बो, म्हणजे काम वाढलं की मूळ वेगाच्या वर पळण्याची प्रोसेसरची सोय. कोर आय-सेव्हन १०७५०एच घ्या: मूळ वेग २.६ गिगाहर्ट्झ, टर्बोत ५ पर्यंत. वेग वाढवायचा तर व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. त्यामुळे शेवटचा अर्धा गिगाहर्ट्झ भयंकर महाग पडतो. गेममध्ये त्याचा मोबदला मिळतो दोन-चार फ्रेमचा, तोही अडथळा प्रोसेसरचा असेल तरच.

जुना आणि सोपा उपाय विंडोजमध्येच आहे. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज, त्यात ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ आणि त्याखाली ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’. १०० च्या जागी ९९ लिहिलं की बऱ्याच लॅपटॉपवर टर्बो बंद होतो आणि तापमान १५-२० अंशांनी खाली येताना दिसतं. नव्या काही मॉडेलवर ही ओळ लपवलेली असते, तर काहींचा मूळ वेग इतका कमी असतो की टर्बो पूर्ण बंद केल्यावर नेमबाजीचे गेम अडखळतात. करून बघा, पटलं नाही तर पुन्हा १०० करा, काही बिघडत नाही.

त्याहून चांगला मार्ग कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. लेनोवोचं व्हँटेज, आसुसचं आर्मरी क्रेट, एसरचं नायट्रोसेन्स, एचपीचं ओमेन गेमिंग हब, एमएसआय सेंटर, ज्याचं त्याचं. ‘परफॉर्मन्स’ मोड निवडला की पंखे वाढतात हे खरं, पण वॅटची मर्यादाही वाढते, म्हणून लोकांना वाटतं पंखे जोरात असूनही तापतंय कसं. ‘कस्टम’ किंवा ‘मॅन्युअल’ असा पर्याय असेल तर पंखे परफॉर्मन्सचे आणि प्रोसेसरचे वॅट बॅलन्स्डचे अशी जोडी लावा. प्रोसेसरची दीर्घ मुदतीची, म्हणजे सतत चालणाऱ्या कामासाठीची, मर्यादा ४५ वॅट पुष्कळ झाली. तो पर्याय नसेल तर सरळ बॅलन्स्डवर खेळून बघा. फ्रेममधला फरक अपेक्षेपेक्षा कमी निघतो.

अंडरव्होल्टबद्दल, म्हणजे वेग तोच ठेवून चिपचं व्होल्टेज कमी करण्याबद्दल, सगळे विचारतात. डिसेंबर २०१९ मध्ये इंटेलच्या प्रोसेसरमधली ‘प्लंडरव्होल्ट’ ही सुरक्षेची त्रुटी बाहेर आली. त्यानंतर बायोस अपडेटमधून अनेक लॅपटॉपवर व्होल्टेज बदलायची सोय बंद झाली. म्हणून थ्रॉटलस्टॉप या सॉफ्टवेअरमध्ये व्होल्टेजची पट्टी हलत नसेल तर दोष तुमचा नाही. ग्राफिक्सचं व्होल्टेज मात्र एमएसआय आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमधून बहुधा कमी करता येतं. कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेज आणि वेगाचा आलेख उघडतो. तुमची चिप गेममध्ये किती वेगाने पळते ते आधी बघून ठेवा, त्याच वेगासाठी आलेखावरचा कमी व्होल्टेजचा एखादा बिंदू वर उचला आणि त्याच्या उजवीकडची रेषा सपाट करा. गेम कोसळला तर वेग थोडा उतरवा. व्होल्टेज कमी केल्याने चिप जळत नाही, फार तर ड्रायव्हर अडकतो आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा लागतो.

आणखी एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. काहीही चालू नसताना, नुसत्या डेस्कटॉपवर ग्राफिक्स किंवा प्रोसेसर ४०-५० टक्के वापरात असेल आणि टास्क मॅनेजर उघडल्याबरोबर तो आकडा खाली येत असेल, तर लॅपटॉपमध्ये कोणाचं तरी क्रिप्टो मायनिंग चाललं असण्याची दाट शक्यता आहे. क्रॅक केलेल्या गेमबरोबर हे पाहुणे हमखास येतात. तिथे साफसफाई पंख्याची नाही, विंडोजची करायची. स्वच्छ पुन्हा टाका, सगळे पासवर्ड बदला.

## हवा कुठून येते, कुठे जाते

बहुतेक लॅपटॉप हवा पोटाकडून घेतात आणि मागून किंवा बाजूने सोडतात. गादीवर, गोधडीवर, मांडीवर उशी घेऊन खेळलं की पोटाची जाळी बंद. भिंतीला चिकटून ठेवला की सोडलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा पोटाखाली शिरते आणि लॅपटॉप स्वतःचीच उष्णता पुन्हा ओढत राहतो. मागे वीतभर जागा सोडा. मागच्या दोन्ही पायांखाली पाण्याच्या बाटलीची एकेक झाकणं ठेवलीत तरी पोटाखाली हवा खेळते. त्याने तीन-चार अंश सहज उतरतात.

कूलिंग पॅडबद्दल माझं मत: साधा, पाच-सहा छोट्या पंख्यांचा पॅड मुख्यतः लॅपटॉप उचलण्याचं काम करतो, आणि ते काम झाकणंही करतात. पॅडचे पंखे आणि लॅपटॉपची जाळी एकाच जागी येतात का हे बघितल्याशिवाय तो घेऊ नका. कडेने स्पंजची पट्टी असलेले, एकच मोठा पंखा हवा दाबून आत सोडणारे पॅड खरोखर काम करतात, पण ते महाग असतात, आवाज मोठा करतात आणि धूळही जोमाने आत ढकलतात. गाळणी असलेलाच घ्या आणि गाळणी धूत जा.

आता खोलीचं बोलू. लॅपटॉपचं कूलिंग खोलीच्या हवेपेक्षा अमुक अंश वर एवढंच सांभाळू शकतं. जानेवारीत २५ अंशांच्या खोलीत चिप ७५ ला थांबत असेल, तर मे महिन्यात ४२ अंशांच्या खोलीत तीच चिप तेवढ्याच कामाला ९२ च्या घरात जाणार. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव या पट्ट्यात पारा ४५ पर्यंत जातो. तिथे ‘हिवाळ्यात ठीक होता, आता बिघडला’ असं वाटतं, पण लॅपटॉप बिघडलेला नसतो. उन्हाळ्यासाठी वेगळी सेटिंग ठेवा: फ्रेम ६०, टर्बो बंद, आणि जड गेम सकाळी किंवा रात्री दहानंतर.

विदर्भ-खान्देशात घरोघरी वाळ्याचे कूलर असतात. कूलरच्या खोलीत खेळायला हरकत नाही, हवा थंड मिळते. पण लॅपटॉप थेट झोतात ठेवू नका. कूलर पाण्याचे बारीक तुषार फेकतो, ते पंख्यातून आत जातात आणि आतल्या धुळीचा चिखल करतात. तो वाळला की ब्लोअरनेही सुटत नाही. कोकणात, गोव्यात आणि मुंबईच्या किनारी भागात दुखणं वेगळं: दमट, खारी हवा. तिथे पंख्याच्या पात्यांवर चिकट थर लवकर बसतो आणि उष्णता बाहेर सोडणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर गंज चढतो. लॅपटॉप महिनोन् महिने कपाटात बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालू ठेवलेला बरा.

बॅगेत टाकण्याआधी लॅपटॉप ‘स्लीप’ नाही, ‘शट डाउन’ किंवा ‘हायबरनेट’ करा. नव्या विंडोज लॅपटॉपमध्ये स्लीप म्हणजे पूर्ण झोप नसते. अपडेटसाठी तो मधेच जागा होतो आणि बंद बॅगेत भाजून निघतो. गेमशी याचा संबंध नाही, पण बॅटरीचं आयुष्य असं हकनाक जातं.

## उघडायची वेळ

झोत कमजोर असेल तर साफसफाईला पर्याय नाही. वर्दळीच्या रस्त्यावरचं घर, शेजारी बांधकाम, घरात मांजर असेल तर चार-सहा महिन्यांनी, नाहीतर वर्षातून एकदा. वॉरंटी चालू असेल तर आधी कस्टमर केअरला विचारा. काही कंपन्या मागचं झाकण उघडायला परवानगी देतात, काही देत नाहीत.

लॅपटॉप पूर्ण बंद, चार्जर काढलेला. स्क्रू कमी-जास्त लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचा आकार काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू चुकीच्या जागी पिळला तर वरच्या बाजूला कीबोर्डपाशी फुगवटा येतो. झाकण उघडायला गिटारचं पिक किंवा जुनं प्लास्टिकचं कार्ड, लोखंडी काही नको. झाकण निघालं की सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवा. हे टाळू नका. मदरबोर्डमध्ये वीज असताना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक निसटलं तर दुरुस्तीचा खर्च पेस्टच्या शंभरपट होतो.

आता पंख्याकडे बघा. पाती बहुधा बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात आणि लोक तिथेच फसतात. धूळ बसते ती पंखा आणि तांब्याच्या पट्ट्या यांच्या मधल्या अरुंद फटीत, जी वरून दिसत नाही. पंख्याचे दोन-तीन बारीक स्क्रू काढून तो उचलला की ती समोर येते: राखाडी, दाट, पट्ट्यांच्या पूर्ण लांबीवर पसरलेली. चिमट्याने एक टोक धरून ओढली तर वाळलेल्या सायीसारखी अख्खी एका तुकड्यात निघते, आणि तिच्यामागे पट्ट्यांमधून पलीकडचा उजेड दिसायला लागतो. बाहेरून नुसता ब्लोअर मारला तर हीच साय फाटते, तिचे गोळे आत पडतात आणि आठवड्याभरात पुन्हा तिथेच येऊन अडकतात. ‘परवाच साफ केला, तरी पुन्हा तापतोय’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे असतं. हवा मारायचीच तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका, बेअरिंग खराब होतं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, स्थिर विजेचा धोका असतो.

पेस्ट बदलायची ती वर सांगितलेला तिसरा प्रकार असेल तरच. पेस्ट बदलूनही महिन्या-दोन महिन्यांत तापमान परत चढत असेल तर कारण बहुधा हे: लॅपटॉपच्या चिपवर धातूचं झाकण नसतं, उघडी सिलिकॉन चिप थेट तांब्याला टेकते. गेम सुरू-बंद झाला की दोन्ही तापतात, निवतात, वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात आणि पातळ पेस्ट हळूहळू मधून कडेला ढकलली जाते. डेस्कटॉपवर नावाजलेली पेस्ट लॅपटॉपवर टिकेलच असं नाही. इथे दाट पेस्ट हवी, किंवा हनीवेलची पीटीएम ७९५० ही फेज-चेंज चकती. ती साध्या तापमानाला घन असते, ४५ अंशांच्या आसपास मऊ होऊन पसरते आणि जागा सोडत नाही. मला हाच मार्ग पटतो, एकदा लावली की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. बाजारात तिच्या नकला पुष्कळ आहेत, तेव्हा फारच स्वस्त दिसली तर घेऊ नका.

हीटसिंकचे स्क्रू काढताना आणि लावताना त्यावर कोरलेल्या आकड्यांच्या क्रमानेच, प्रत्येक थोडा थोडा पिळत जा. मेमरीच्या चिपवर असलेले मऊ थर्मल पॅड फाटले तर त्याच जाडीचे लागतात. अर्धा मिलिमीटर जाड जरी जास्त लागला तरी हीटसिंक उचलला जातो आणि मुख्य चिपला टेकत नाही. आणि तुमच्या मॉडेलमध्ये कंपनीने लिक्विड मेटल लावलेलं असेल तर घरी हात लावू नका. ते वीजवाहक असतं, एक थेंब मदरबोर्डवर गेला तर शॉर्ट होतो, ॲल्युमिनियमला लागला तर ते पोखरून निघतं.

## दुकानात देणार असाल तर

झाकण उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली, किंवा न उघडताच टचपॅड वर आलेला, तळ टेबलावर डुगडुगणारा जाणवला, तर गेम त्या क्षणी थांबवा. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही. बदलून जुनी ई-कचऱ्यात द्या, घरच्या कचऱ्यात नको. सतत चार्जरवर खेळणाऱ्यांनी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंगची मर्यादा ८० किंवा ६० टक्के लावून ठेवावी. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी ही जोडी तिचं आयुष्य सगळ्यात लवकर संपवते.

साफसफाई दुकानातून करून घेणार असाल तर जाण्याआधीचे एचडब्ल्यूइन्फोचे आकडे फोनमध्ये टिपून न्या: कोणता गेम, कोणती सेटिंग, किती मिनिटांनी किती तापमान, खोली किती गरम. कोणती पेस्ट लावणार ते आधी विचारा. पंखा काढून साफ करणार की बाहेरून हवा मारणार हेही विचारा, आणि पंखा काढल्यावरचा पट्ट्यांचा फोटो मागा. लॅपटॉप हातात आला की तिथेच चार्जर लावून तोच गेम त्याच सेटिंगवर पंधरा-वीस मिनिटं चालवा आणि आकडे टिपलेल्यांशी ताडून बघा. दुकानात एसी असेल तर घरच्या आणि तिथल्या तापमानातला फरक वजा करून बघा. त्यानंतरही फरक दिसत नसेल तर पैसे देण्याआधी झाकण पुन्हा उघडायला सांगा.